आळणी सूप

माझी मावशी तेहतीस वर्षं काजबटणाचं काम करते आहे. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात लांबच लांब खोली आहे. तिच्या एका टोकाला कापड कापलं जातं आणि दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, मावशी बसते. शर्ट सगळ्यांच्या हातांतून फिरून शेवटी तिच्याकडे येतो. मध्यंतरी यंत्र आलं, मिनिटाला दहा काजं पडू लागली, पण यंत्रानं बिघडवलेली काजं उसवून हातानं पुन्हा करायला तीच लागते. काजाची लांबी म्हणजे बटणाची रुंदी अधिक बटणाची जाडी, हे तिनं मला मी सातवीत असताना शिकवलं. जाडी विसरलास तर बटण कसंबसं आत जाईल, पण बाहेर निघणार नाही, असं ती म्हणायची. पुढे मी लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागलो तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला. घरात आणखी एक मोजून काम करणारा निघाला म्हणाली, आणि त्या दिवसापासून मला ‘मेकॅनिक’ म्हणू लागली.

मावशीला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. काही माणसांना शीळ घालता येत नाही, तसं आहे ते. कारखान्यात मुकादमानं विचारलं की हा शर्ट कुणी बिघडवला, की बाकीच्या बायका छताकडे बघत आणि मावशी म्हणे, मी. माझ्या आईनं, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीनं, एकदा हौसेनं घराला हिरवे पडदे लावले आणि कसे दिसतात म्हणून विचारलं. दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय, असं मावशी म्हणाली. आई आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं पडदे काढले. ताईच्या जिभेला कुणी टाका घातलेला नाही, असं आई म्हणते.

मावशीला एकच मुलगा. रांगत असताना त्यानं जमिनीवर पडलेली शर्टाची गुंडी गिळली, तेव्हापासून त्याचं नाव गुंड्या. मावशीचे यजमान तो पाच वर्षांचा असतानाच वारले. ती कारखान्यातून सातला घरी यायची, म्हणून स्वयंपाक लहानपणापासून गुंड्याकडेच आला, आणि त्याला तो आवडायचाही. तो अकरावीत असताना मावशीला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं. मग कालवण शिजलं की मीठ घालण्याआधी गुंड्या तिच्या वाटणीचं एका वाडग्यात काढून त्यावर ताटली ठेवायचा. “तुझं आळणी बाजूला ठेवलंय,” म्हणायचा. “तुझ्या जिभेवर मुळातच इतका खारटपणा आहे, वर आणखी मीठ कशाला?” रोज तोच विनोद, आणि मावशी रोज हसायची.

पाच वर्षांपूर्वी तो ज्या गोदामात माल चढवायचा तिथं दिवसाढवळ्या चोरी झाली. रखवालदाराच्या तोंडावर लोखंडी पट्टी बसली, त्याचा एक डोळा गेला. गुंड्यानं पोलिसांना सांगितलं की तो बारालाच घरी आला होता. पोलीस खात्री करायला घरी आले. मावशी त्या दिवशी तापामुळे घरीच होती. मुलगा किती वाजता आला, एवढंच त्यांनी तिला विचारलं.

ती म्हणाली, चारला आला. आल्या आल्या शर्ट धुवायला बसला. मी धुते म्हटलं तर ऐकेना. आजवर कधी त्यानं स्वतःचा शर्ट धुतला नव्हता.

शर्टाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. नावाप्रमाणेच निघाला, असं आमच्या एका नातेवाइकानं म्हटलं आणि आईनं त्याला चहा न देता घालवून दिलं. मावशी दर महिन्याला भेटीच्या दिवशी तुरुंगात जायची, खिडकीत चिठ्ठी द्यायची आणि बाकावर बसायची. अर्ध्या तासानं शिपाई परत यायचा आणि सांगायचा, “नाही म्हणतो.” चार वर्षांत हे पंचेचाळीस वेळा झालं. तीन महिने ती आजारी होती म्हणून पंचेचाळीस.

त्या शिपायालाच शेवटी दया आली असावी. त्यानं तिला सांगितलं की मुलगा आता ‘आतल्या हॉटेलात’ लागला आहे, सूप करतो. तुरुंगाच्या पुढच्या भिंतीला लागून पूर्वी कपड्यांची कोठी होती. तिथं तुरुंगानं एक खाणावळ काढली होती. ज्यांची शिक्षा थोडी राहिली आहे आणि वागणूक बरी आहे अशा कैद्यांना स्वयंपाक आणि वाढपाचं काम तिथं शिकवत. वर्ष पुरं झालं की प्रमाणपत्र मिळे, आणि त्या प्रमाणपत्रावर शिक्षेत सूट आणि एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरी. गुंड्याचे आठ महिने झाले होते. चार उरले होते.

“तिथं बाहेरची माणसं जेवायला जातात?” मावशीनं विचारलं.

“जातात की. नातेवाइकांना मात्र बंदी आहे.”

त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली. तिथं जागा राखायला संगणकावर अर्ज भरावा लागे. ती शेजारी खुर्ची ओढून बसली. मी विचारलं, तुला कुणी विचारलं तर काय करशील? ती म्हणाली, विचारलं तर सांगेन, न विचारता कशाला सांगू? म्हणजे कुणी विचारणारच नाही अशी व्यवस्था करणं माझ्याकडे आलं. अर्ज माझ्या नावानं भरला, सोबत एक वयस्क बाई. शेवटून दुसरा प्रश्न होता : आपल्यापैकी कोणाचे नातेवाईक या संस्थेत आहेत काय? मी ‘नाही’वर खूण केली.

“काय विचारतायत?” मावशी म्हणाली. तिला पडद्यावरचं बारीक वाचता येत नाही.

“पाव हवा की भात, ते.”

“पाव,” ती म्हणाली.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच आमचे फोन, किल्ल्या, मावशीची बारीक कात्री, सगळं पत्र्याच्या कप्प्यात ठेवून घेतलं. आत बारा टेबलं. प्रत्येक टेबलावर काचेखाली नियमांचा कागद. वाढप्याला नाव विचारू नये, गुन्हा विचारू नये, काही देऊ नये, काही घेऊ नये. जेवण झाल्यावर चमचे मोजले जात आणि मोजणी जुळल्याशिवाय कुणाला उठता येत नसे. वाढपी एकजात सौजन्यानं वागत, फार सौजन्यानं, तोंडपाठ केल्यासारखे. करड्या शर्टावर खिशाच्या जागी फक्त क्रमांक.

स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामध्ये छातीएवढा उंच ओटा होता, त्यापलीकडचं सगळं दिसायचं. ओट्याशी एक शिकवणारे आचारी उभे असत. ते तुरुंगाचे नव्हते, आयुष्यभर मोठमोठ्या हॉटेलांत राबून निवृत्त झालेले होते. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांचं मुख्य काम चिठ्ठ्या जुळवायचं. पूर्वी कधीतरी ताटांतून निरोप जाऊ लागले होते, म्हणून नियम असा होता की चिठ्ठीवर नसलेलं काहीही स्वयंपाकघरातून बाहेर जाता कामा नये. वाढपी पेनानं चिठ्ठी लिही, एक प्रत स्वतःकडे ठेवी, एक आत देई. आत पेन नेऊ देत नसत, खांबाला दोरीनं बांधलेली एक पेन्सिल होती. ताट आलं की वस्ताद चिठ्ठी आणि ताट ताडून बघत आणि सही करत. मला ती पद्धत आवडली. लिफ्टमध्ये दार पुरतं लागल्याशिवाय मोटर सुरू होत नाही, तसं.

गुंड्या डावीकडच्या शेवटच्या चुलीपाशी होता. जाडजूड झाला होता, केस बारीक कापलेले. त्यानं पळी उचलली, सहज खोलीकडे बघितलं आणि त्याला मावशी दिसली. त्यानं पळी पुन्हा भांड्यात घातली आणि आमच्याकडे पाठ केली. आम्ही असेपर्यंत तो वळला नाही.

भोपळ्याचं सूप आलं. मीठ घातलेलं. मावशीनं सगळं प्यायलं.

मी हळूच म्हटलं, मागितलंस तर बिनमिठाचं देतील, चिठ्ठीवर तसं लिहितात.

“मागून नको,” ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं ती कशासाठी आली होती. नुसतं बघायला नाही. तो आपण होऊन वाडगा बाजूला काढतो का, याची ती वाट बघणार होती. आणि त्यानं तसं काही केलं आणि ते कुणाला कळलं, तर त्याचे चार महिने, प्रमाणपत्र, नोकरी, सगळं पाण्यात जाणार होतं, हेही मला तेव्हाच कळायला हवं होतं. नियम काचेखाली समोरच होते. मी ते दोनदा वाचले होते.

आम्ही दर तीन आठवड्यांनी जात राहिलो. दुसऱ्या खेपेस त्यानं पाठ केली नाही, पण आमच्या टेबलावरून त्याची नजर अशी जायची जशी रिकाम्या टेबलावरून जाते. मावशी खारट सूप पीत राहिली. तिचे पाय सुजले. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं खाता का? ती म्हणाली, तुरुंगात खाते, दर तीन आठवड्यांनी. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि गोळी बदलून दिली.

तिसऱ्या खेपेस परत येताना ती बसमध्ये एकदम म्हणाली की त्याच्या डाव्या बाहीचं बटण त्यानं स्वतः लावलंय. कशावरून, तर दोरा पांढरा होता. तुरुंगाचा शिंपी करड्या शर्टाला पांढरा दोरा वापरणार नाही. “घट्ट लावलंय पण,” ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा चेहरा बरा दिसत होता. एवढ्याशा बटणावर ती तीन आठवडे काढू शकली.

चौथ्या खेपेस खोलीत नेहमीपेक्षा शांतता होती. तपासणीला तुरुंगाधिकारी आले होते आणि ओट्याशी वस्तादांच्या शेजारी उभे होते. उंच वाढप्यानं आमची चिठ्ठी लिहिली : सूप दोन, पाव, उकडलेल्या भाज्या. तो आत गेला. मी पाव तोडला. सूप आलं.

मावशीनं एक चमचा तोंडात घातला आणि तसाच धरून ठेवला.

मी विचारलं, गरम आहे का? तिनं मान हलवली. मग चमचा खाली ठेवून वाडग्याला दोन्ही हात लावले, थंडीत लावतो तसे. तिनं ओट्याकडे बघितलं नाही. आपण बघितलं तर कुणाच्या तरी लक्षात येईल एवढं भान तिला होतं. ती पुटपुटली, “आळणी आहे.” मी तिला बारा वर्षांपूर्वीच्या त्यांच्या स्वयंपाकघरात बघितलं होतं, पण असा चेहरा तिचा तिथंही बघितला नव्हता.

हे सगळं दोन मिनिटंही टिकलं नसेल.

गुंड्यानं नियम मोडला नव्हता, निदान त्याला तसं वाटलं नसणार. चिठ्ठीवर नसलेलं बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं खांबाच्या पेन्सिलीनं आमच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : आळणी, एक. शेवटी मावशीचाच मुलगा. पण वाढप्याच्या प्रतीवर ते नव्हतं. आणि पेन्सिलीतली ओळ पेनातल्या ओळींखाली लांबूनही वेगळी दिसत होती.

वस्ताद चिठ्ठी हातात घेऊन आमच्या टेबलापाशी आले. दोन पावलं मागे अधिकारी. वस्ताद मावशीकडे वाकले आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “आजी, आळणी सूप तुम्हीच मागितलं होतं ना?”

मावशीनं वाडग्यावरचे हात काढले. तिच्या डोक्यात काय आलं ते तिनं मला नंतर सांगितलं. तिला वाटलं, आपण मुलाशी बोललो असा संशय त्यांना आला आहे. बोलायला बंदी आहे, तेव्हा बोललो नाही हे आधी सांगायला हवं, म्हणजे त्याच्यावर बालंट येणार नाही.

“नाही हो,” ती म्हणाली. “मी काहीसुद्धा मागितलं नाही. मी त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही.”

वस्तादांनी डोळे मिटले.

“कुणाशी?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

आता तिला विचारलं होतं.

“माझ्या मुलाशी,” मावशी म्हणाली.

मी तेव्हा म्हणालो की सूप मी मागितलं होतं. माझ्या तोंडात पाव होता, तो गिळून मग म्हणालो. तोवर उंच वाढप्याला बोलावलं होतं आणि तो बिचारा स्वतःचं प्रमाणपत्र वाचवायला घाईघाईनं सांगत होता की या टेबलावर असं कुणी काही मागितलं नाही, त्याची प्रत बघावी.

अधिकाऱ्यांनी मावशीचा वाडगा उचलला. दुसरा चमचा मागवला, सूप चाखलं, आणि खरोखरच मीठ नाही असं मोठ्यानं म्हणाले. कुणीतरी ते लिहून घेतलं. ओट्यापलीकडे गुंड्यानं चूल बंद केली, हात पुसले, कमरेचा फडका सोडून खुंटीला लावला. त्याला कुणी अजून बोलावलंही नव्हतं. तो बाहेर आला, अधिकाऱ्यांसमोर उभा राहिला. मावशीपासून हातभर अंतरावर. मावशी उठायला लागली तर शिपायानं तिला हातानंच बसायची खूण केली.

“साहेब,” गुंड्या म्हणाला, “तेवढं तिला पिऊ द्या. बाकी सगळ्यात मीठ पडलंय.”

अधिकाऱ्यांनी वाडगा ट्रेमध्ये ठेवला, त्याच्या शेजारी चिठ्ठी ठेवली आणि ट्रे आत पाठवून दिला. गुंड्याला मागच्या दारानं नेलं. मग चमचे मोजायला आले. एक जास्त भरला, अधिकाऱ्यांनी चाखायला मागवलेला. तो कुठून आला हे लक्षात येईपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो.

कार्यालयात त्यांनी माझा अर्ज छापून मावशीपुढे ठेवला. मोठ्या अक्षरात होता, तिनं तो वाचला. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, “पाव की भात असं विचारलंय म्हणालास.” मी हो म्हटलं. 

गुंड्याला त्याच आठवड्यात खाणावळीतून काढलं. पुढची सूट गेली, चांगल्या वागणुकीबद्दल आधी कमी केलेली शिक्षाही परत लागली, आणि त्याला दिवसभराच्या प्रवासावरच्या दुसऱ्या तुरुंगात पाठवलं. पहिले सहा महिने भेट नाही. सहा महिन्यांनी मावशी आणि मी रात्रभर बसमध्ये बसून तिथं गेलो. खिडकी वेगळी होती, बाक वेगळा होता. अर्ध्या तासानं शिपाई परत आला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, “नाही म्हणतो.” तो रागावला आहे, की आई जवळ आली की आपलं काहीतरी वाईट होतं असं त्याला वाटतं, की तिला हा प्रवास करायला लागू नये म्हणून नाही म्हणतो, हे मला माहीत नाही.

पण मला त्याहून जड एक गोष्ट माहीत आहे. खाणावळीतल्या प्रकाराला महिना झाला असेल. अर्जात खोटी माहिती दिल्याबद्दल लेखी जबाब द्यायला मी तुरुंगाच्या कार्यालयात गेलो होतो. बाहेर भिंतीच्या सावलीत वस्ताद विडी ओढत बसले होते. त्यांनी मला ओळखलं, बाजूला सरकून जागा दिली. बराच वेळ त्या मुलाच्या हाताबद्दल बोलत राहिले. असा हात त्यांच्याकडे दहा वर्षांत आला नव्हता. मग म्हणाले, ही त्याची आई हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. दोघं चमचा सारखाच धरतात, दांड्याच्या अगदी टोकाला.

“ताट मी सोडून दिलं होतं, पण सही करायच्या आत चिठ्ठीवरची पेन्सिल साहेबांनी बघितली,” ते म्हणाले. “आता गिऱ्हाइकाला विचारणं भाग होतं. ते विचारणार होते. मी म्हटलं, मी विचारतो. इतक्या सावकाश विचारलं. नुसती मान डोलावली असती आजींनी, तरी मी सही करून मोकळा झालो असतो.”

त्यांनी विडी भिंतीवर विझवली.

“तुम्ही तरी बोलायचं,” वस्ताद म्हणाले. “तुम्ही काय करत होतात?”

“पाव खात होतो,” मी म्हणालो.

हे मी मावशीला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. आई सांगून टाकेल.

मावशी अजून कामाला जाते. मधूनमधून मी कारखान्याच्या बाजूला कुणाच्या लिफ्टचं काम असलं की जेवणाच्या सुट्टीत तिच्या खिडकीशी जाऊन बसतो. तिचा डबा पूर्वीसारखाच आळणी असतो. हल्ली तो ती स्वतः करते. हात चालू असताना ती एकच गोष्ट विचारते, दर वेळी, जणू पहिल्यांदाच सुचली आहे : त्या वस्तादांनी विचारलं तेव्हा मी दुसरं काय सांगायला हवं होतं?

“दुसरं काही नाही,” मी म्हणतो. “बरोबर सांगितलंस.”

मग ती सुई थांबवते आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघते.

“हे तू खरं सांगतोयस ना?”

अगदी सावकाश विचारते ती. मी हो म्हणतो. ती दोरा दातानं तोडते, काजात बटण घालते, काढते, पुन्हा घालून बघते, आणि शर्ट पलीकडच्या ढिगावर ठेवते.